आग्वाद पाहायला एक तास पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या सुट्टीत तुम्ही कोल्हापूरहून सहकुटुंब गोव्यात येणार आहात आणि कांदोळीला दोन रात्री मुक्काम आहे. आई-वडील सत्तरीपुढचे असून आईंचे गुडघे दुखतात, आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. एका नातेवाइकाने सांगितले की आग्वादला तासभर पुरे, वर जाऊन दीपगृहासमोर छायाचित्र काढायचे आणि परतायचे, तिथे बाकी काही नाही. दुसऱ्याने सांगितले की तुरुंगाचे संग्रहालय झाले आहे, ते चुकवू नका. वडिलांचे काका पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या १९५५च्या गोवा सत्याग्रहात होते, त्यामुळे त्यांचे नाव तिथे कुठे सापडेल का, हेही तुम्ही विचारले आहे. मी म्हापशाचा. गेली बावीस वर्षे शाळांच्या सहली आणि महाराष्ट्रातून येणारी कुटुंबे घेऊन या किल्ल्यावर जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे दोन्ही नातेवाईक खरे बोलत आहेत, कारण ते दोन वेगळ्या जागांविषयी बोलत आहेत. आग्वाद नावाच्या दोन जागा आहेत. एक वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, जिथे खंदक, बुरूज, पाण्याचे टाके आणि जुने दीपगृह आहे. हा भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. दुसरी जागा त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मांडवी समुद्राला मिळते त्या बाजूला अगदी पाण्यालगत आहे. तो खालचा किल्ला, म्हणजेच पूर्वीचे मध्यवर्ती कारागृह आणि आताचे संग्रहालय. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, व्यवस्थापन वेगळे आहे, आणि वरून खाली चालत उतरण्याची सोय पर्यटकाला उपलब्ध नाही. बहुतेक लोक वरची जागा पाहून ‘आग्वाद झाले’ म्हणतात. तेव्हा एक तास पुरतो का, याचे उत्तर तुम्हाला यांपैकी काय पाहायचे आहे आणि कोणत्या वेळी, यावर अवलंबून आहे. तुमच्या घरची माणसे लक्षात घेता दोन्ही पाहावे, पण घाईत पाहू नये, असे माझे मत आहे.

आधी वरच्या किल्ल्याविषयी. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली पुरा केला. त्या काळात डच आरमार मांडवीच्या मुखाशी येऊन वाट अडवण्याइतके धीट झाले होते आणि जुन्या गोव्याकडे जाणारा सगळा व्यापार याच मुखातून आत जात असे. किल्ल्याच्या नावात मात्र लढाईचा मागमूस नाही. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी, आणि ‘आग्वाद’ म्हणजे गलबतांनी पाणी भरून घेण्याची जागा. या डोंगरात गोड्या पाण्याचे झरे होते आणि तेच या जागेचे खरे मोल होते. लिस्बनहून साधारण मार्च-एप्रिलात निघालेली जहाजे पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला पोहोचत. सहा महिने पिंपात साठवलेले पाणी पिऊन आलेल्या खलाशाला किनाऱ्यावर सर्वांत आधी काय हवे असेल, हे मी सहलीतल्या मुलांना विचारतो. उत्तर येते ‘जेवण’. मग त्यांच्या पाठीवरच्या बाटल्यांकडे बोट दाखवले की पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

वर गेल्यावर दरवाजातून आत आलात की समोर एक प्रचंड मोकळे आवार दिसते, आणि त्याच्या मध्यावर एक सपाट, थोडा उंचावलेला चौथरा. लोक त्यावर बसतात, मुले धावतात, छायाचित्रे निघतात, आणि बऱ्याच जणांना कळतही नाही की आपण टाक्याच्या छतावर बसलो आहोत. त्या छताखाली दगडी खांबांवर तोललेली, जमिनीत खोदलेली टाकी आहे आणि तिची क्षमता सुमारे २३,७६,००० गॅलन सांगितली जाते. पाण्याच्या टँकरच्या हिशेबात सांगायचे तर दहा हजार लिटरचे नऊशे टँकर रिकामे केले तरी जागा उरेल. छताच्या कडेला आत डोकावता येईल अशा जागा आहेत. तिथे वाकून दोन मिनिटे स्तब्ध राहावे. डोळे अंधाराला सरावले की खांबांच्या रांगा हळूहळू दिसू लागतात, आणि बाहेर ऊन भाजत असताना आतून गार, ओलसर वास येतो. ‘वर काही नाही’ म्हणणारे सगळे या टाक्यावरून चालून गेलेले असतात.

याच पाण्याच्या संदर्भात एक गोष्ट जोडून पाहण्यासारखी आहे. किल्ल्याकडे जाताना वाटेत शिकेरीचे सां लोरेन्सचे चर्च लागते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि मोठ्या जहाजांना आत शिरणे अशक्य होते. या संताचा सण १० ऑगस्टला येतो, आणि नदीचे मुख पुन्हा खुले होण्याशी त्याचा संबंध जोडलेला आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात तीही साधारण याच दिवसांत. बंदर उघडण्याची वेळ धर्म पाहत नाही, वारा पाहते. चर्चला थांबायलाच हवे असे नाही. पण गाडीतून दिसले तर मुलाला दाखवा, म्हणजे वर गेल्यावर नदीचे मुख कोणते आणि समुद्र कोणता, हे त्याला आपोआप शोधावेसे वाटेल.

तटबंदीवर चढण्यासाठी उतरण आहे. तिथून किल्ल्याची रचना नीट कळते. जमिनीकडच्या बाजूंना खोल कोरडा खंदक आणि कोपऱ्यांना बुरूज आहेत, पण नदीकडच्या बाजूला तशी तयारी दिसत नाही, कारण तिथे डोंगराचा कडाच पुरेसा होता. तट सगळा जांभ्या दगडाचा, ज्याला आम्ही चिरा म्हणतो. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. शिवाय तो ज्या सड्यावर किल्ला बांधायचा त्याच सड्यात मिळतो. खंदक खोदताना निघालेला दगड तटाला लावला की दोन्ही कामे एकदम होतात. खंदकाच्या भिंतीकडे नीट पाहिले तर खाली अखंड कातळ आणि वर रचलेले चिरे अशी सीमारेषा काही ठिकाणी दिसते. ती शोधायला लावणे हा मुलांसाठी माझा आवडता उद्योग आहे.

आग्वादच्या इतिहासाविषयी ‘हा किल्ला कधीच कोणाच्या हाती गेला नाही’ हे वाक्य तुम्हाला तिथे दहा जणांच्या तोंडून ऐकायला मिळेल. मीही सुरुवातीची काही वर्षे ते ठणकावून सांगत असे. वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे: १७३९ साली सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देशाचा, म्हणजे आग्वाद ज्यात येतो त्या तालुक्याचा, बहुतेक भाग घेतला तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले. पण एकदा माझ्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, “आणि इंग्रजांचे काय?” नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, फ्रेंच येथे उतरतील या भीतीने, इंग्रजी फौज मित्र म्हणून गोव्यात आली आणि १८१३ पर्यंत आग्वादसारख्या मोक्याच्या किल्ल्यांवर तिचा तळ होता. लढून घेतलेला नाही हे खरे, पण परकी फौज आत नव्हती असे म्हणता येत नाही. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडून दिले. किल्ल्यातल्या भुयारांच्या कथाही मी सांगत नाही. त्या ऐकायच्या असतील तर सांगणारे भरपूर भेटतील.

दीपगृह १८६४ सालचे. चार टप्प्यांचे, गोलाकार, बाहेरून आता मुख्यतः छायाचित्रासाठी ओळखले जाणारे. ते १९७६ मध्ये बंद झाले आणि काम जवळच्या नव्या दीपगृहाकडे गेले. याची मला आवडणारी बाजू घंटेची आहे. जुन्या गोव्यातील सांत आगुश्तीनच्या मठाची पडझड झाल्यावर तिथली अजस्र घंटा काही काळ आग्वादला आणून ठेवली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चला गेली. तुम्ही पणजीत त्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्यांच्या चर्चसमोर उभे राहाल तेव्हा वर मध्यभागी लटकलेली घंटा पाहा. एकच वस्तू तीन ठिकाणी जोडता आली की गोवा नुसत्या ठिकाणांची यादी राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता वेळेविषयी, आणि इथे मी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एक गट घेऊन मी दुपारी एकच्या सुमारास वर पोहोचलो. सकाळचे चर्च लांबले होते, जेवण लांबले होते, आणि कार्यक्रमपत्रिकेत आग्वाद होते म्हणून गेलोच. वरच्या आवारात झाड नाही, छप्पर नाही, आणि चिऱ्याची जमीन तापलेल्या तव्यासारखी होते. अर्ध्या तासात गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना भोवळ आली. त्यांना दरवाजाच्या कमानीतल्या सावलीत बसवून, पाणी पाजून, थोडे सावरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना पुढे काही झाले नाही. पण तेव्हापासून माझा नियम ठरला आहे की वरचा किल्ला सकाळी उघडताच किंवा ऊन कलल्यावर पाहावा, आणि मधल्या उन्हाच्या वेळी खालचे संग्रहालय पाहावे, कारण तिथे बराचसा वेळ छपराखाली जातो. डिसेंबरात हवा सुखद असली तरी दुपारचे ऊन सड्यावर लागतेच. नाताळच्या आठवड्यात कांदोळीच्या रस्त्यावर संध्याकाळी वाहने मुंगीच्या पावलांनी चालतात, म्हणून तुमच्यासाठी मी सकाळ निवडेन. मुक्काम कांदोळीला असल्याने सकाळी रस्ता मोकळा मिळेल आणि फरक पाच-दहा मिनिटांचा नव्हे, चांगला अर्ध्या-पाऊण तासाचा पडेल.

आईंच्या गुडघ्यांविषयी स्पष्ट सांगतो. वरच्या आवारात पायऱ्या फार नाहीत, पण जमीन उंचसखल आहे आणि चिऱ्याचे तुकडे पायाखाली डगमगतात. तटावरची उतरण चढायला सोपी वाटते, उतरताना मात्र गुडघ्यावर भार येतो. त्यांनी दरवाजा, टाक्याचा चौथरा आणि नदीकडची बाजू एवढेच पाहून बसावे. तट त्यांनी चढला नाही तरी काही बिघडत नाही, कारण नदीचे मुख आवाराच्या कडेनेही दिसते. चपला रबरी तळाच्या असाव्यात. दहा-बारा पावलांनंतर काठी मागण्यापेक्षा ती आधीच सोबत असलेली बरी. पावसाळ्यात आलात तर हा सल्ला मी पूर्ण उलटा देईन, कारण जून ते सप्टेंबर चिऱ्यावर शेवाळ धरते आणि तिथे तरुण माणसेही घसरतात. पण तुमचा बेत डिसेंबरचा असल्याने ती चिंता नाही.

मग खालचा किल्ला. आमच्या लहानपणी घरात ‘आग्वाद’ म्हटले की डोळ्यांपुढे हाच यायचा, म्हणजे तुरुंग. किल्ला कुणी मनातही आणत नसे. जी जागा गलबतांना सुरक्षित नांगर टाकता यावा म्हणून निवडली, तीच पुढे माणसे कोंडण्यासाठी का निवडली, हे तिथे उभे राहिल्यावर एका दृष्टिक्षेपात समजते. एका बाजूला सरळ उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि ये-जा करायला अरुंद पट्टी. शत्रूला आत येऊ न देणारी रचना कैद्याला बाहेरही जाऊ देत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे राजकीय कैदी ठेवले गेले, गोवामुक्तीनंतर ते गोव्याचे मध्यवर्ती कारागृह राहिले, आणि २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले गेले. नूतनीकरणानंतर १९ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, पंतप्रधानांच्या हस्ते ते संग्रहालय म्हणून खुले झाले.

आत त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा आणि डॉ. राममनोहर लोहिया यांच्या स्मरणार्थ राखलेल्या कोठड्या आहेत. तिथे जाण्यापूर्वी वडिलांनी मुलाला त्यांच्याविषयी चार वाक्ये सांगितली तर कोठडीला अर्थ येईल. कुन्हा चांदरचे, फ्रान्समध्ये शिकलेले. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे. १८ जून १९४६ रोजी लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगावला नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली, आणि त्यानंतरच्या धरपकडीत कुन्हा पकडले गेले. लष्करी न्यायासनाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली. आधी आग्वाद आणि मग थेट पोर्तुगालमधील पेनिश, असा त्यांचा प्रवास झाला. पेनिश हासुद्धा समुद्राकाठचा किल्लाच, तुरुंग केलेला. लोहिया त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा गोव्यात येताना कुळें स्थानकावर पकडले गेले आणि त्यांनाही काही दिवस आग्वादलाच ठेवण्यात आले.

तुमच्या वडिलांना मात्र १९५५चा काळ अधिक जवळचा वाटेल, कारण त्या वर्षी इथल्या भिंतींआड मराठी सतत ऐकू येत असणार. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांची तुकडी गोव्यात शिरली, सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. पुढे जुलैमध्ये मधू लिमये आले. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदिब चौधुरी ही निरनिराळ्या पक्षांची आणि एरवी एकमेकांशी कडाक्याने भांडणारी माणसे इथे एकत्र कैदेत होती. दहा-बारा वर्षांच्या शिक्षा सुनावलेल्या या मंडळींची १९५७ मध्ये सुटका झाली. आणि कोल्हापूरच्या शेजारचे म्हणून आवर्जून सांगतो ते मोहन रानडे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले, सशस्त्र लढ्यात उतरले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. काही वर्षे आग्वादला ठेवून १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते, आणि सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्याच्यासाठी तुरुंगात गेलो ते मिळाल्यावरही सात वर्षे आत राहिलेला माणूस. हा हिशेब मुलाला स्वतः करू द्या, त्याला वजाबाकी येतच असेल.

आता तुमच्या काकाआजोबांच्या नावाविषयी. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवू इच्छित नाही. सत्याग्रही म्हणजे आग्वादचा कैदी, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे, पण प्रत्यक्षात तसे नव्हते. १५ ऑगस्ट १९५५च्या सामूहिक सत्याग्रहात हजारो लोक वेगवेगळ्या ठिकाणांहून हद्दीत शिरले. त्यांतल्या बहुसंख्यांवर खटले झालेच नाहीत. त्यांना मारहाण झाली, कित्येकांवर गोळीबार झाला, आणि उरलेल्यांना सीमेबाहेर ढकलून देण्यात आले. ज्यांना अटक झाली त्यांतलेही अनेकजण म्हापसा, पणजी, मडगावच्या कोठड्यांत किंवा रेइश मागुशला होते. म्हणून आधी घरी विचारा: काका किती दिवसांनी परतले? आठवडाभरात परतले असतील तर ते बहुधा आग्वादला पोहोचलेच नसावेत, आणि तिथे नाव न दिसणे स्वाभाविक आहे. वर्षा-दीड वर्षाने परतले असतील तर गोष्ट वेगळी, मग संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना थेट विचारावे. कोणत्या तुकडीत होते, कोणत्या गावाकडून शिरले, हे ठाऊक असेल तर त्याचा उपयोग नावापेक्षा अधिक होतो. एका कुटुंबाने आजोबांचे नाव नाही म्हणून संग्रहालयातच माझ्याशी वाद घातला होता. त्यांचे आजोबा तेरेखोलला गेले होते, हे दोन तासांनी बोलण्या-बोलण्यात निघाले. तेरेखोलचा किल्ला १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला म्हणून ओळखला जातो. त्यांना जायला हवे होते ते तिथे.

कोठड्या कशा पाहाव्यात याविषयी थोडे सांगतो, कारण नूतनीकरणानंतर आवार इतके स्वच्छ आणि रंगवलेले झाले आहे की पहिल्या नजरेत ते तुरुंग वाटतच नाही. काहींना हे खटकते. मलाही सुरुवातीला खटकले, पण पडझड झालेल्या अवस्थेत इथे कोणाला आत सोडलेच नसते, हेही खरे. पडद्यांवरची दृश्ये आणि प्रकाशयोजना पाहा, पण त्यांवर सगळा वेळ घालवू नका. एका रिकाम्या कोठडीत जा, बोलणे थांबवा आणि भिंतीला तळहात लावा. चिरा सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. डिसेंबरातही भिंत गार लागते, आणि जुलैत तीच भिंत घामेजलेली असते. मग कान द्या. लाट खडकावर आपटल्याचा आवाज ठरावीक लयीत येत राहतो. ज्याला तारीख ठाऊक नाही, पत्र मिळत नाही, त्याला हा आवाज दिवसरात्र ऐकावा लागत असे. वर टाक्यात साठवलेले पाणी खलाशांचे जीवन होते, आणि खाली तेच पाणी भिंतीतून अंगात भिनत होते. म्हणूनच मी वरचा भाग आधी दाखवतो आणि कारागृह नंतर. उलट क्रमाने नेलेल्या गटांना वर टाक्याशी थांबायची इच्छा उरत नाही, आणि तट नुसता सहलीचा होतो.

तेव्हा तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील: पहिल्या दिवशी सकाळी वरचा किल्ला उघडताच पोहोचावे, दीड तास पुरेल. दहा-साडेदहाला खाली कारागृहात यावे आणि तिथे घाई न करता दोन तास द्यावेत. जेवायला कांदोळीला परत. आई थकल्या तर दोन्हींच्या मध्ये थेट मुक्कामावर सोडता येईल, अंतर थोडेच आहे. वडिलांना वाचायला वेळ लागतो, तुम्हाला छायाचित्रे काढायची आहेत आणि मुलाला पळायचे आहे, हे तिघांचे वेगवेगळे वेग एका तासात बसवायला गेलात तर सगळेच चिडून बाहेर पडतील.

मुलगा कंटाळेल का, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. दहा वर्षांचा मुलगा फलक वाचणार नाही, आणि त्याला वाचायला लावूही नये. त्याला मोजायला द्या. वर टाक्याच्या छताची लांबी पावलांनी मोजायची, खाली कोठडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, आणि रात्री मुक्कामी पोहोचल्यावर खोलीत तेवढ्या पावलांची चौकट खडूने किंवा दोरीने आखून त्यात चटई टाकायची. माझ्या एका सहलीतल्या मुलांनी बसमध्येच हा खेळ केला, आणि चालत्या बसमध्ये कोठडीची रेघ ओलांडणाऱ्याला ‘पेनिशला’ पाठवण्यात आले, म्हणजे शेवटच्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी पणजीकडे जाणार असाल तर वाटेत रेइश मागुशचा किल्ला पाहता येतो. तो आग्वादपेक्षा जुना, १५५१चा, आणि आकाराने खूप लहान. १९९३ पर्यंत तोही तुरुंगच होता. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या पुढाकाराने त्याचे जतन झाले आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, आत त्यांच्या चित्रांचे दालन आहे. तिथे चढ आहे, त्यामुळे आईंना पायथ्याच्या चर्चजवळ बसवावे लागेल. मिरांडांची चित्रे मात्र मुलाला आग्वादपेक्षा जास्त आवडण्याची दाट शक्यता आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिकिटाचे दर आणि साप्ताहिक सुट्टी यांत बदल होत राहतात, आणि वरचा किल्ला, कारागृह व रेइश मागुश या तिन्ही ठिकाणांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे. १९ डिसेंबरच्या आसपास मुक्तिदिनाचे कार्यक्रम असतात, तेव्हा कारागृहात गर्दी अधिक असते.

आणि एक. तुम्ही कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, बांदा असे येणार असाल, तर गोव्यात शिरताच पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथेच सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या तपासणी नाक्याच्या घाईत ते मागे टाकून पुढे जातात. तुमचे काकाआजोबा महाराष्ट्राच्या बाजूने आले असतील तर ते या नाक्याने आत शिरले असण्याचा संभव आग्वादला असण्यापेक्षा अधिक आहे. वडिलांना तिथे दहा मिनिटे उतरू द्या. सावली आहे, आणि गाडी अगदी जवळ लावता येते.